रंगलो म्हणायचं राहिलं

जुन्या बंदुकीतून सुटलेला बॉल येताना दिसायचा. आत रंग भरलेला, पिवळा, बोराएवढा, हवेत जरासा वर चढून मग खाली उतरत येणारा. आपण ड्रमामागे ओणवं बसलेलं, मास्कच्या काचेवर स्वतःच्याच श्वासाचं धुकं, आणि त्या धुक्यातून तो ठिपका सावकाश मोठा होत यायचा. बाजूला व्हायला वेळ असायचा, पण मी कितीदा तरी नुसती बघत राहायचे. घरी हे सांगितलं की नवरा विचारायचा, तू तिथं खेळायला जातेस की झोपायला. त्याचं काही चूक नव्हतं. त्या मैदानाची आठवण आली की मला अजूनही पहाटेच्या साखरझोपेत असल्यासारखं वाटतं.

मैदान म्हणजे कोल्हापुरातून गगनबावड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेला पडीक तुकडा. तिन्ही बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला रस्ता आणि मधोमध एक बंद पडलेलं गुऱ्हाळ. त्याचं पत्र्याचं छप्पर अजून उभं होतं, चुलवाणात गवत उगवलं होतं. जमीन एका काकूंची. त्यांच्या मुलानं पुण्यात कुठंतरी पेंटबॉल बघितला आणि उसापेक्षा हे बरं म्हणून इथं सुरू केला. लोखंडी ड्रम, जुनी टायरं, उसाच्या चिपाडानं भरलेली पोती, एवढ्यावर आमचं रणांगण उभं राहिलं. खेळात पंच तो मुलगाच असायचा. काकू बांधावर छत्री लावून बसायच्या.

माझं शहरात चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासते, काचा बसवते. काकूंचा मुलगा एकदा धुरकटलेला मास्क घेऊन दुकानात आला आणि यावर काही औषध आहे का म्हणाला. मी एक द्रव आणि काच पुसायचं मऊ फडकं दिलं, आणि ते चालतंय का बघायला पुढच्या रविवारी स्वतः मैदानावर गेले. चाललं नाही. पण मी तिथं अडकले ती अडकलेच. एरवी दिवसभर लोकांना 'आता दिसतंय का, आता' असं विचारणारी बाई रविवारी सकाळी पोटावर सरपटायला लागली. वयाची पस्तिशी उलटली होती, तरी लाज वाटली नाही.

मिस्त्रीही असेच कामानिमित्त आले आणि राहिले. त्यांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, शिडशिडीत, कपाळावर कायम एक आठी. आमच्या पहिल्या बंदुका पुण्यात वापरून झालेल्या होत्या. त्यांच्या वायसरी गळायच्या, बॉल ढकलणारा गॅस फुसकन निघून जायचा. मिस्त्रींनी त्या उघडल्या, नाक मुरडलं आणि घरी नेल्या. पुढच्या रविवारी त्यातल्या निम्म्या बंदुकांत त्यांच्या हातचे पितळी भाग होते. केसापेक्षा बारीक फरक त्यांना नुसत्या नजरेनं कळायचा. नळी डोळ्याला लावून सूर्याकडं धरायचे आणि म्हणायचे, "हितं जरा खातीय बघा." आम्हाला काहीच दिसायचं नाही.

आमच्या मैदानाचा एक शब्द होता. खेळाचा नियम असा, की बॉल अंगावर फुटला की ज्याच्या अंगावर फुटला त्यानं स्वतः ओरडून सांगायचं आणि बाहेर जायचं. सुरुवातीला शिकवायला आलेला पुण्याचा पोरगा म्हणाला, 'हिट' म्हणा. आमच्या तोंडी तो शब्द बसेना. आम्ही आपले 'लागलं, लागलं' म्हणून ओरडायचो. झालं काय, की कुणी लागलं म्हटलं की खेळ टाकून सगळे धावत यायचे. कुठं लागलं, किती लागलं, पाणी आणा, बसा खाली. शत्रूपक्षाचा माणूस आपल्याच हातानं पाडलेल्या गड्याचा गुडघा चोळत बसलेला मी पाहिलाय. अशा चार-पाच वेळा खेळ मोडला तेव्हा काकू बांधावरून करवादल्या, "लागलं लागलं काय लावलंय मघापासनं? रंगलाय न्हवं? मग रंगलो म्हणा की."

तोच शब्द झाला. इकडच्या बायका 'मी आलो, मी जेवलो' असंच बोलतात, त्यामुळे बाई-पुरुष सगळ्यांना एकच शब्द पुरला. रंगलो. तो म्हणायचा, बंदूक दोन्ही हातांनी डोक्यावर आडवी धरायची आणि सगळ्यांच्या देखत चालत बांधापर्यंत जायचं. तिथं काकू ताक द्यायच्या. जो आधी रंगायचा त्याला ताक आधी, जिंकणारा शेवटी. तळाचं ताक आंबट लागायचं, म्हणून जिंकण्याला फार भाव नव्हता.

आणि हे मला फार आवडायचं. गॅस थंडीनं मऊ पडलेला, बॉल मध्येच दम सोडून गवतात पडतायत, उसातून गार वारा येतोय आणि कुठल्यातरी ड्रमामागून एखादा मोठा कारखानदार हात वर करून उठतोय आणि लहान पोरासारखा म्हणतोय, "रंगलो." कुणी त्याला धरलेलं नसायचं. बॉल कुठं फुटला ते कित्येकदा त्याच्याशिवाय कुणाला माहीत नसायचं. पाठीवर फुटला की चटका बसायचा आणि मग थंड, गोडसर वासाचा रंग खाली ओघळायचा. तो ओघळ थांबायच्या आत माणूस बोललेला असायचा.

यात माझं नाव होतं. शंका असली तरी मी रंगलो म्हणायचे. पंच कधी कधी वाद मिटवताना म्हणायचा, ताईंना विचारा, त्या खोटं बोलणार नाहीत. मला ते ऐकून बरं वाटायचं. अगदी खरं सांगायचं तर जरा जास्तच बरं वाटायचं.

मग नव्या बंदुका आल्या. बॅटरीवर चालणाऱ्या, बोट नुसतं टेकवलं की दहा-पंधरा बॉल ओकणाऱ्या. गॅसच्या जागी दाबलेल्या हवेच्या बाटल्या, दुहेरी काचेचे मास्क. त्या मास्कवर धुकं धरत नव्हतं, म्हणजे माझ्या औषधाची उरलीसुरली आशाही संपली, फडकं तेवढं सवयीनं खिशात राहिलं. बॉल आता दिसत नव्हता, सरळ रेघ दिसायची. ज्यांना परवडलं त्यांनी स्वतःच्या बंदुका मागवल्या. मीही घेतली, उगाच साळसूदपणा कशाला दाखवू. मिस्त्रींनी घेतली नाही. त्यांनी आपली जुनी, एकेक बॉल हातानं दट्ट्या ओढून मारायची बंदूक ठेवली. तिची नळी त्यांनी स्वतः आतून घासून गुळगुळीत केली होती. नवीन मंडळी हसायची. "पाऊस पाडून काय हुतंय," मिस्त्री म्हणायचे, "येकच मारायचा, पण सांगून मारायचा."

संक्रांतीनंतरच्या रविवारी आमची मोठी लढत असायची. चिठ्ठ्या टाकून दोन तट पाडायचे, आणि जिंकणाऱ्या तटाला काकू गुळाची ढेप द्यायच्या. त्या वर्षी सगळे रंगून गेले आणि शेवटी दोघंच उरलो. इकडून मी, तिकडून मिस्त्री. बांधावर वीस-पंचवीस माणसं. मी गुऱ्हाळाच्या भिंतीआड, बांधाकडं पाठ करून होते, ते पार उसाच्या कडेला टायरांमागं. एवढ्या लांबून जुन्या बंदुकीचा बॉल पोचत नाही, हे लेकरालासुद्धा माहीत होतं. मी निर्धास्तपणे डोकं बाहेर काढलं.

आणि तो आला. पिवळा, सावकाश, कितीतरी वर चढलेला. उन्हात तो क्षणभर थांबल्यासारखा वाटला. मी बघतच राहिले. मग डाव्या भुवईच्या वर, मास्कच्या काचेवर टक् असं वाजलं आणि अर्धं जग पिवळं झालं.

माझा हात खिशात गेला. फडकं निघालं. काच खराब झाली की पुसायची, वीस वर्षांची सवय आहे, दिवसातून शंभरदा करते. पुसून झाल्यावर स्वच्छ काचेतून, भिंतीच्या कडेनं मला समोर मिस्त्री उभे दिसले. ते टायरांमागून उठले होते आणि दोन्ही हात पसरून हसत होते. त्या माणसाला इतकं मोकळं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. तोवर मी भिंतीआड परत बसले होते. फडकं मुठीत होतं. मिस्त्री उघड्यावर उभे होते. मी बोट टेकवलं. त्यांच्या छातीवर दहा-बारा बॉल फुटले.

"आवो, तुम्ही रंगलाय की," ते म्हणाले. "काचंवर फुटलाय. मी बघितलाय."

पंच धावत आला. त्यानं माझ्या मास्ककडं पाहिलं. काच लखलखीत. त्यानं मला विचारलं, "ताई, लागला व्हय?"

हाताचं समजू शकते मी. हात सवयीचा गुलाम. पण हे उत्तर तोंडानं द्यायचं होतं. मी नाही म्हणाले.

झालं. ताई नाही म्हणाल्या म्हणजे नाही. मिस्त्रींनी एकदा माझ्या मास्ककडं, एकदा आपल्या बंदुकीकडं पाहिलं, मग ती डोक्यावर आडवी धरली. "रंगलो," म्हणाले आणि चालत बांधापर्यंत गेले. मला ढेपेतला मोठा तुकडा मिळाला. तो कितीतरी दिवस फडताळात तसाच पडून होता, शेवटी मुंग्यांनी खाल्ला.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री दुकानात आले. पहिल्यांदाच. "डोळं बघा जरा माझं," म्हणाले. मी त्यांना खुर्चीत बसवलं, एकेक डोळा झाकून लांबचा तक्ता वाचायला लावला. शेवटची ओळ त्यांनी घडाघडा वाचली. जवळचा चाळिशीचा नंबर होता, तो त्या वयात असतोच. मी म्हणाले, लांबचं ठणठणीत आहे तुमचं.

"मग बॉल फुटल्याला दिसला कसा मला?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. असता तर मी सुटले असते. ते मला डोळ्यांची जाणकार म्हणून विचारत होते.

मी टॉर्च बंद केला. "भास होतो कधी कधी," मी म्हणाले. "ऊन होतं ना."

त्यांनी पुन्हा एकदा तक्त्याकडं पाहिलं. "मग ह्ये तर वाईट की," म्हणाले. "डोळ्याला काच लावता येती. भासाला काय लावायचं?"

ते पुन्हा खेळले नाहीत. रविवारी यायचे, बांधाजवळ टेबल मांडून बंदुका दुरुस्त करायचे, पण आत पाऊल टाकायचे नाहीत. त्यांच्या कामावरही परिणाम झाला, ते मला उडत उडत कळलं. मायक्रोमीटरनं मोजलेलं पुन्हा मोजायचे, मग शेजारच्या लेथवाल्याला दाखवून घ्यायचे. हळूहळू बारीक काम त्यांनी घेणंच सोडलं. नुसती जाडीभरडी कामं करायला लागले.

मी काय करत होते? मी मैदानावर जास्तच प्रामाणिक झाले. बॉल न फुटता आपटला तरी रंगलो म्हणायचे. शेजारच्याच्या अंगावरचा शिंतोडा उडाला तरी रंगलो. पंच म्हणायचा, ताई, फुटला नाही तो, खेळा तुम्ही. लोक कौतुक करायचे. कौतुक ऐकून जेवण जात नसे. मधल्या काळात कितीदा मला वाटलं, खरंच तो भासच असेल. इतक्या लांबून, जुन्या बंदुकीचा बॉल, उन्हात थांबलेला. स्वप्नातसुद्धा तो तसाच यायचा आणि दर वेळी काचेवर टक् असं वाजायचं. फडकं मी धुतलं होतं, तरी एका कोपऱ्यात पिवळी कड राहिली होती. ते मी फेकलंही नाही आणि वापरलंही नाही.

नंतर लोक मास्कवर कॅमेरे लावून यायला लागले. कुणी रंगलो म्हणेना. आधी दाखव, मागं घे, थांबव, ह्यो बघ, अशी भांडणं मोबाइलवर डोकं खुपसून चालायची. ताक तापून जायचं. काकू म्हणायच्या, "खेळताय का पिच्चर बघताय?" शेवटी मुलानं ठरवलं, रंगच नको. आता अंगात घालायच्या जाकिटांचा संच आलाय, आणि बंदुकीतून नुसता किरण सुटतो. तो लागला की जाकीट स्वतःच थरथरतं आणि आतून एक बाई इंग्रजीत सांगते की तुम्ही बाद. कपडे खराब होत नाहीत, वाद होत नाहीत. जाकिटाला खोटं बोलता येत नाही. मी ते घालून बघितलं. ती बाई माझ्या आधी बोलली, आणि मला तिचा राग आला.

रंगाचा शेवटचा रविवार ठरला. त्याच्या आदल्या दिवशी मी मिस्त्रींना फोन केला, उगाच, येताय ना म्हणून. ते म्हणाले, येतो, गॅसच्या जुन्या बाटल्या रिकाम्या कराय पायजेत. मग म्हणाले, "बारकी लेथ इकाय काढलीया. आजऱ्याचं गिऱ्हाईक हाय. मंगळवारी घिऊन जाणार." ती लेथ म्हणजे त्यांची बारीक कामाची. तिच्यावरच त्यांनी आमच्या बंदुकांचे पितळी भाग कातले होते. का विकताय, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. सहा वर्षं मला माहीत होतं.

रविवारी सकाळी उसावर दव होतं. मैदानात पहिला डाव चालू झाला होता, मी उतरले नव्हते. मिस्त्री टेबलाशी चाळिशी लावून एका बाटलीची चावी सैल करत होते. फुस्स करून पांढरी वाफ निघाली आणि क्षणभर ते वाफेत दिसेनासे झाले. वाफ विरायच्या आत बोलायला हवं, नाहीतर जमणार नाही, असं मला वाटलं.

"मिस्त्री," मी म्हणाले, "त्या संक्रांतीच्या डावात मी रंगले होते."

ते चावी फिरवायचे थांबले. मी खिशातून ते फडकं काढून टेबलावर ठेवलं. पिवळ्या कडेची बाजू वर ठेवली.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

"डाव्या भुवईच्या वर. काचेवर. तुम्ही म्हणाला होतात तिथंच."

"आन् भास?"

"भास नव्हता. मी खोटं बोलले. दोनदा बोलले. मैदानावर एकदा आणि दुकानात एकदा."

त्यांनी चाळिशी काढली. रस्त्यावरून एक एसटी चालली होती. लांबून तिची पाटी इवलीशी दिसत होती. मिस्त्रींनी ती मनातल्या मनात वाचली, ओठ हलले तेवढे. मग तिच्या मागून येणाऱ्या ट्रकचा नंबर वाचला. तो मोठ्यानं.

"सा वर्सं," ते म्हणाले. "सा वर्सं मी माझा मायक्रोमीटर दुसऱ्याला दावतोय."

माफ करा म्हणायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच गप्प केलं. चेहऱ्यावर राग होता, चांगलाच होता, आणि तो मला हवाही होता. त्यांनी टेबलावरची एक जुनी बंदूक उचलून माझ्यापुढं धरली.

"माफी घरी ऱ्हाऊ दे. हितली रीत काय हाय ती करा."

मी बंदूक घेतली. पंचानं शिट्टी मारून डाव थांबवला, त्याला काही कळेना. मी गुऱ्हाळाच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. त्या वेळी बसले होते त्याच जागी. दोन्ही हातांनी बंदूक डोक्यावर आडवी धरली. ड्रमांमागून, पोत्यांमागून एकेक मास्क वर आला.

"रंगलो," मी म्हणाले.

"ऐकू येईना," मिस्त्री टेबलापासून ओरडले. "लेथीनं कान गेल्यात माझं. मोठ्यानं म्हणा की."

मी मोठ्यानं म्हणाले. पार रस्त्यापर्यंत गेलं असेल. मग चालायला लागले. त्या भिंतीपासून बांध एवढा लांब आहे हे मला कधी जाणवलं नव्हतं. खेळणारी माणसं बाजूला होऊन वाट देत होती. बांधावर पोचले तेव्हा काकूंनी ताकाचा गडू पुढं केला. तो घेत असताना मागून मिस्त्रींचा आवाज आला, त्यांनी आजऱ्याच्या गिऱ्हाइकाला फोन लावला होता. कान गेलेली माणसं फोनवर बोलतात तसे ते साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं बोलत होते.

"पावणं, मंगळवारी येऊ नगासा. लेथ इकायची न्हाय. व्हय, व्हय, इचार बदलला. न्हाय वो, डोळं चांगलं हायत माझं."